चिनी सणांची भाषा : आपल्या व्यापाऱ्याने व कारागिराने काय शिकावे?

व्यापारात माल ओळखणे हे पहिले शिक्षण आणि माल देणाऱ्या माणसाला ओळखणे हे दुसरे. पहिल्या शिक्षणात आपली मंडळी कुठे कमी नाहीत. बांगडीवाला काच हातात घेताच तिचा दर्जा सांगतो, कापडवाला ताग्याचा कोपरा चिमटीत धरून भाव करतो. दुसऱ्या शिक्षणाकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. पूर्णा आणि नांदेड यांच्या मधल्या चुडाव्यासारख्या गावातल्या दुकानातही विजेच्या माळा, केसांच्या पिना, मोबाइलची कव्हरे, इमिटेशनचे मणी, प्लास्टिकची फुले असा पुष्कळ चिनी माल असतो. तो मुंबईच्या किंवा हैदराबादच्या ठोक बाजारातून नांदेडमार्गे येतो. माल येतो, पण तो बनवणारी माणसे केव्हा काम करतात, केव्हा थांबतात, कशाला शुभ मानतात आणि कशाने दुखावतात, हे आपल्याला ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत शेवटी छोट्या दुकानदाराच्या भांडवलातून वसूल होते. म्हणून या अंकात आम्ही चिनी सणांच्या रूढी आणि त्यांतील चिन्हे यांची ओळख करून देत आहोत.

सणाचे पंचांग आणि आपली ईद

चिनी लोकांचा सर्वांत मोठा सण म्हणजे त्यांचे नववर्ष. त्याला ते वसंतोत्सव म्हणतात. युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हा सण दरवर्षी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान अमावास्येच्या सुमारास सुरू होतो आणि पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, कंदिलांच्या सणाने संपतो.

त्यांचे महिने आपल्या हिजरी महिन्यांसारखे चंद्रावर चालतात. पण ऋतू आणि सण यांचा मेळ सुटू नये म्हणून ते मराठी पंचांगाप्रमाणे अधिक महिना धरतात. एकोणीस वर्षांत असे सात महिने वाढवले जातात. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सर्व ऋतूंतून फिरतो आणि चिनी नववर्ष मात्र थंडीच्या अखेरीसच येते. फिरता फिरता रमजान या काळात नेमका चिनी सणाला येऊन भिडतो. २०२६ मध्ये चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला आणि रमजानचा आरंभ त्याच आठवड्यात. २०२७ मध्ये नववर्ष ६ फेब्रुवारीला आणि रमजान त्यानंतर दोन-तीन दिवसांत. २०२८ मध्ये नववर्ष २६ जानेवारीला आणि रमजान पुन्हा त्याच्या पाठोपाठ. त्या वर्षी चिनी पंचांगात अधिक महिना येतो. म्हणून २०२९ मध्ये नववर्ष १३ फेब्रुवारीला जाते आणि ईदुल फित्र त्याच्या एक-दोन दिवसांच्या अंतराने पडते. चंद्रदर्शनाप्रमाणे आपल्या तारखा एखाद्या दिवसाने पुढेमागे होतील, पण हिशेब बदलत नाही.

याचा व्यापाराशी संबंध काय? चीनमध्ये या सणाची सरकारी सुट्टी २०२५ पासून साधारणपणे आठ दिवसांची आहे. कारखान्यांची गोष्ट वेगळी. तेथील कामगार बहुतेक दूरच्या खेड्यांतून आलेले असतात. वर्षातून एकदाच घरी जायचे, म्हणून सणाच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून ते निघू लागतात. कंदिलांचा सण उलटल्याशिवाय कारखाना पुन्हा पूर्ण जोरात येत नाही. काही कामगार परत येतच नाहीत. नवे हात घ्यावे लागतात आणि सणानंतरच्या पहिल्या मालात खोट अधिक निघते. थोडक्यात, जवळजवळ एक महिना हातचा गेला असे धरूनच चालावे.

२०२७ चे उदाहरण घेऊ. त्या वर्षी ईद १० मार्चच्या आसपास आहे. ईदच्या खरेदीचा माल रमजान सुरू होताना, म्हणजे ९ फेब्रुवारीच्या सुमारास, मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याकडे हजर हवा. समुद्रमार्गे न्हावा शेव्यापर्यंतचा प्रवास, जकातीचे सोपस्कार आणि गोदाम यांसाठी चार-पाच आठवडे धरले, तर जहाज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघाले पाहिजे. माल तयार व्हायला एक महिना धरला, तर ऑर्डर नोव्हेंबरअखेर गेली पाहिजे. समजा एखाद्या आयातदाराने ती जानेवारीच्या मध्यावर दिली. कारखानदार इसार घेईल आणि कामगार गावी निघून जातील. कंदिलांचा सण २० फेब्रुवारीला. त्यानंतर काम सुरू होऊन माल जहाजावर चढेपर्यंत ईद होऊन गेलेली असेल.

चुडाव्याचा दुकानदार काही स्वतः चीनला ऑर्डर देत नाही. पण "माल येतोय, आगाऊ रक्कम ठेवा" असे ठोक व्यापाऱ्याने सांगितले की तो पैसे ठेवतो. समजा त्याने चाळीस हजार रुपये ठेवले. माल ईदनंतर आला, तर ही रक्कम पुढच्या ईदपर्यंत अडकली आणि हंगाम रिकाम्या फळीवर गेला. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत एकच प्रश्न विचारावा : माल गोदामात आहे, समुद्रात आहे, की अजून कारखान्यात आहे? कारखान्यात असेल तर इसार देऊ नये. चीनच्या राष्ट्रीय दिनाची १ ऑक्टोबरपासूनची आठवडाभराची सुट्टीही अशीच ध्यानात ठेवावी. दिवाळीच्या मालाला तिचा फटका बसतो.

आपल्याजवळचे चिनी : माझगाव

हे सण पाहायला चीनलाच जावे लागते असे नाही. मुंबईत माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळच, 'सी यूप कून' नावाचे चिनी देवालय आहे. ते १९१९ मध्ये उभारले गेले. 'सी यूप' म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील या भागातून आलेले खलाशी आणि गोदीकामगार यांनी ते बांधले. एके काळी कामाठीपुऱ्याच्या शुक्लाजी स्ट्रीटकडेही चिन्यांची चांगली वस्ती होती. दातांचे दवाखाने, केशकर्तनालये, खानावळी हे त्यांचे धंदे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. देशभरातील अनेक कुटुंबे पुढे परदेशी निघून गेली आणि मुंबईची वस्तीही विरळ झाली. जे राहिले ते नववर्षाला माझगावी एकत्र येतात, तेव्हा तेथे सिंहनृत्य होते.

या देवालयात ग्वान गोंग यांची प्रतिष्ठापना आहे. ते मूळचे अठराशे वर्षांपूर्वीचे ग्वान यू नावाचे सेनापती. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती, आणि त्यामुळेच चिनी व्यापाऱ्यांनी त्यांना विशेष आपले मानले. दुकानात तलवार घेतलेल्या सेनापतीची तसबीर का, याचा उलगडा यातून होतो. तेथे ती शब्दाची आठवण म्हणून टांगलेली असते.

चिन्ह म्हणजे शब्दाचा खेळ

चिनी शुभचिन्हांची किल्ली एकच आहे, ती म्हणजे उच्चार. त्यांच्या भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असतात. एखाद्या वस्तूचे नाव चांगल्या शब्दासारखे ऐकू आले की ती वस्तू शुभ, वाईट शब्दासारखे ऐकू आले की अशुभ.

माशाला 'यू' म्हणतात. शिल्लक या शब्दाचा उच्चारही 'यू' असाच. म्हणून वर्षाच्या शेवटच्या रात्री जेवणात अख्खा मासा असतो आणि पुष्कळ घरी तो मुद्दाम थोडा उरवतात. दरवर्षी काही शिल्लक राहो ही त्यामागची इच्छा. चित्रांत, कंदिलांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर मासा दिसतो तो याच कारणाने. दारावर लाल कागदाचा चौकोन लावून त्यावर 'फू' म्हणजे सुखसमृद्धी हे अक्षर लिहितात. तो कागद अनेक ठिकाणी उलटा चिकटवलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते की चूक झाली. पण 'उलटे' आणि 'आले' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'दाओ' आहे. फू उलटा म्हणजे फू आला.

आकड्यांचेही तसेच. आठचा उच्चार 'बा', तो भरभराटीच्या 'फा' शब्दाजवळ जातो. बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता ठेवले ते उगीच नव्हे. चारचा उच्चार 'स' हा मृत्यूच्या शब्दासारखा आहे. अनेक इमारतींत चौथ्या मजल्याला चौथा म्हणतच नाहीत. चिनी कारखानदार भावात आठ घालतो, ४४४ चा भाव टाळतो. किंमत ठरवताना शेवटच्या आकड्यावर तो अडून बसला तर कारण पैशांखेरीज हेही असू शकते.

सिंहनृत्यातही हाच खेळ आहे. दुकानाच्या दारावर हिरव्या सॅलडची पाने टांगलेली असतात. सिंह उंच होऊन ती तोंडात घेतो आणि बाहेर फेकतो. त्या भाजीचे नाव 'शंगत्साय', आणि धन उत्पन्न होणे याचाही उच्चार तसाच.

लाल रंगामागे मात्र लोककथा आहे. 'न्यान' नावाचा एक राक्षस वर्षअखेरीस गावात शिरून माणसे खाई. तो लाल रंग, आग आणि मोठा आवाज यांना भितो हे लोकांना कळले आणि तेव्हापासून लाल कागद, दिवे आणि फटाके आले, अशी ती कथा. फटाके येण्यापूर्वी बांबू आगीत टाकीत. त्याची पेरे आवाज करून फुटत. चिनी भाषेत फटाक्याचा जुना शब्द आजही 'फुटणारा बांबू' असाच आहे.

देण्याघेण्यातली अदब

नववर्षाला वडीलधारी मंडळी मुलांना आणि अविवाहित तरुणांना लाल पाकिटात पैसे देतात. त्याला 'होंगबाव' म्हणतात. आपल्या ईदीचा तो चुलतभाऊच म्हणावा. नोटा कोऱ्या असाव्यात, पाकीट दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे आणि देणाऱ्यासमोर ते फोडू नये, अशी रीत आहे. एक मोठा फरक येथे सांगितला पाहिजे. आपल्याकडे लग्नात ५१, १०१, ५०१ असा वरचा एक रुपया शकुनाचा. चिनी माणूस शुभप्रसंगी सम रकमा देतो, फक्त चार टाळतो. विषम रक्कम मयताच्या घरी द्यायची असते आणि तीही पांढऱ्या पाकिटात. पांढरा रंग त्यांच्याकडे शोकाचा. आपण मोठ्या मनाने पांढऱ्या लिफाफ्यात १०१ घालून दिले, तर समोरचा हसून घेईल, पण त्याच्या मनात काय येईल याची कल्पना करावी.

भेटवस्तूंचेही नियम आहेत. टेबलावरचे किंवा भिंतीवरचे घड्याळ देऊ नये; 'घड्याळ देणे' आणि 'अंत्यसमयी सोबत करणे' यांचा उच्चार एकच होतो. छत्री देऊ नये. तिचा उच्चार 'विखुरणे' या शब्दाजवळचा आहे. नासपाती कापून वाटून खाऊ नये. त्यात ताटातूट ऐकू येते. सुरी-कात्री म्हणजे संबंध तोडणे. संत्री आणि मोसंबीच्या जातीची फळे मात्र बेलाशक न्यावीत. त्यांच्या नावात सुदैव आणि सोने ऐकू येते. चार नग नेऊ नयेत, सहा किंवा आठ न्यावेत.

टोप्या शिवणाऱ्या आपल्या कारागिरांसाठी एक खास सूचना. हिरवा रंग आपल्याला प्रिय आहे, पण चिनी पुरुषाला हिरवी टोपी कधीही भेट देऊ नये. 'हिरवी टोपी घालणे' याचा त्यांच्या भाषेत अर्थ बायको बदफैली असणे असा होतो. टोपी द्यायचीच तर दुसऱ्या रंगाची द्यावी.

सण हीच हिशेबाची मुदत

आमच्या मते आपल्या वाचकांना सर्वांत उपयोगी पडेल अशी गोष्ट ही आहे. जुन्या चीनमध्ये दुकानदाराच्या उधारीला वर्षातून तीन मुदती असत : पाचव्या महिन्याच्या पंचमीचा नौकांचा सण, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्राचा सण आणि वर्षअखेर. माल वर्षभर वहीवर जाई, पण या तीन दिवसांच्या आत खाते चुकते करायचे हे देणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही. त्यांतली शेवटची मुदत सर्वांत कडक. कर्ज घेऊन नव्या वर्षात पाऊल टाकणे ही बेअब्रू समजली जाई. वर्षाच्या शेवटच्या रात्री सावकाराची माणसे दारोदार फिरत. एकदा नववर्षाची पहाट झाली की मागणी बंद; त्या दिवशी फक्त शुभेच्छा द्यायच्या. जुन्या वर्णनांत एक मजेदार गोष्ट येते. काही वसुलीवाले उजाडल्यावरही हातात पेटता कंदील घेऊन फिरत. कंदील पेटलेला आहे म्हणजे रात्र अजून संपलेली नाही, असा त्यांचा दावा.

गोष्ट हसण्यासारखी असली तरी तिच्यातले तत्त्व घेण्यासारखे आहे. आपल्याकडे चुडावा-पूर्णा भागात "सुगीवर देतो" असे म्हणून माल नेला जातो. सोयाबीन आले तर कापसावर ढकलतात, कापूस आला तर हळदीवर. सुगीला तारीख नाही, म्हणून उधारीलाही तारीख नाही. मागायला जावे तर संबंध बिघडतात, न मागावे तर दुकान बसते. चिन्यांनी मुदत माणसाच्या तोंडातून काढून सणाला बांधली. त्यामुळे मागणाऱ्याला संकोच नाही आणि देणाऱ्याचा अपमान नाही. सगळ्या गावालाच ती तारीख माहीत असते. आपल्या दुकानदारांनी असे का करू नये? पोळा, दिवाळी आणि पाडवा, किंवा गिऱ्हाईक आपले असेल तर दोन्ही ईद, असे दोन-तीन दिवस ठरवून माल देतानाच वहीत गिऱ्हाइकासमोर लिहावेत. व्याज घ्यायचे नाही हे आपले तत्त्व आहे. म्हणूनच मुदत पाळली जाणे आपल्याला इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे.

मालक आणि कामगार यांचाही हिशेब सणाला बांधलेला असतो. सणाआधी वर्षअखेरचा बोनस. सुट्टीनंतर पाचव्या किंवा आठव्या दिवशी दुकान उघडते, तेव्हा कामावर हजर झालेल्या प्रत्येकाला मालकाच्या हातून लाल पाकीट. रक्कम छोटी असते, पण परत आल्याचा मान त्यात आहे. तैवान आणि फूजियानकडे वर्षअखेरच्या मेजवानीत कोंबडीचे डोके ज्या नोकराकडे वळवून ठेवले त्याची नोकरी गेली, असा जुना संकेत सांगतात. हा भाग मात्र आपण शिकू नये.

चिनी मुसलमान आणि आपली मर्यादा

चीनमध्ये आपले दीनी भाईही मोठ्या संख्येने आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार एकट्या हुई समाजाची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे. १४०५ ते १४३३ या काळात चिनी आरमार कालिकतपर्यंत आणणारे दर्यासारंग झेंग ह हे युनानच्या मुस्लिम घराण्यातले होते आणि त्यांचे दुभाषी मा हुआन हेही मुसलमान. तिकडे ईदुल फित्रला 'रोजा सोडण्याचा सण' म्हणतात आणि ईदुल अजहाचे नाव 'गुअरबांग' हे कुर्बान या शब्दापासून बनले आहे. ईवू आणि ग्वांगझोऊ या व्यापारी शहरांत मशिदी आहेत, हलाल खानावळी आहेत. हलालसाठी त्यांचा शब्द 'चिंगझन', म्हणजे शुद्ध आणि सत्य. २०१९ मध्ये बीजिंगमध्ये हलाल दुकानांवरची अरबी अक्षरे काढायला लावण्यात आली. म्हणून जाणाऱ्याने हा चिनी शब्द लिहून खिशात ठेवावा. अरबी पाटीच्या भरवशावर राहू नये.

दुसऱ्याच्या पूजाविधीत सामील होणे आणि त्याच्या रीतिरिवाजाची अदब राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळ भेट न देणे यात आपल्या ईमानाचे काही जात नाही.

ही अदब एकतर्फी नसते याचेही उदाहरण आहे. चिनी वर्षे बारा प्राण्यांच्या नावांनी चालतात : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. २००७ हे डुकराचे वर्ष होते. त्या वर्षी चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने मुसलमानांच्या भावनांचा विचार करून जाहिरातींत डुकराचे चित्र दाखवण्यास मनाई केली. ज्या कंपन्यांनी त्या प्राण्यावर जाहिराती बेतल्या होत्या त्यांना त्या बदलाव्या लागल्या.

कारागिरांसाठी यात आणखी एक धडा आहे. प्राण्याचे चित्र असलेला माल एकाच वर्षाचा असतो. घोड्याचे वर्ष संपले की घोड्याचा कंदील बारा वर्षे कोणी विचारत नाही. उलट मासा, 'फू' अक्षर, लाल गाठ यांचा माल दरवर्षी खपतो. आपणही ईदचे तोरण, लिफाफा किंवा भेटपेटी बनवताना त्यावर सन छापू नये. चंद्रकोर आणि नक्षी छापावी, म्हणजे उरलेला माल पुढच्या ईदला नव्यासारखाच विकता येतो. ईदीसाठी सुबक छापील लिफाफा हा धंदा तर आपल्या छपाईवाल्यांच्या आणि बायंडरांच्या हातचा आहे. चिनी लाल पाकीट साध्या कागदाचेच असते, पण घरोघरी लागते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

(१) नव्या डायरीत रमजान आणि ईद यांच्याबरोबर चिनी नववर्षाची तारीखही लिहावी.
(२) ईदच्या चिनी मालाची मागणी ठोक व्यापाऱ्याकडे नोव्हेंबरपूर्वीच नोंदवावी. जानेवारीनंतर फक्त गोदामात असलेल्या मालालाच पैसे द्यावेत.
(३) सणानंतरचा पहिला माल पेटी उघडून, तपासून घ्यावा.
(४) चिनी व्यापाऱ्याला घड्याळ, छत्री, सुरी, हिरवी टोपी आणि चार नग देऊ नयेत.
(५) प्रत्येक उधारीपुढे सणाची मुदत लिहावी आणि ती गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी. चिनी माल दुकानात ठेवा वा न ठेवा, ही एक गोष्ट आजपासून करता येते आणि तिला भांडवल लागत नाही.